काजळ काळे कशाने?

अमरावतीच्या राजापेठेतील एखाद्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात डोळ्यांना लावायचा रंग मागितला, तर दुकानदार विचारतो, "काजळ देऊ, पेन्सिल देऊ की आयलायनर?" आयलायनरमध्येही पुन्हा प्रकार आहेत. एक बाटलीतले पातळ आणि दुसरे छोट्या डबीतले, लोण्यासारखे घट्ट, ब्रशने लावायचे. हे दुसरे, म्हणजे क्रीम आयलायनर घेणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. डबीत रंग गडद आणि तजेलदार दिसतो, पापणीवर मात्र तोच फिका, मळकट होतो. काळा करडा दिसतो, निळा धुरकट दिसतो. असे का व्हावे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण डोळ्याभोवतीची रेघ ठसठशीत कशी उमटवावी हा प्रश्न चार हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठच्या लोकांना पडला होता, अजिंठ्याच्या चित्रकारांना पडला होता आणि दिव्यावर ताट उपडे घालणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांनाही पडला होता. त्याची उत्तरे शोधताना ज्वलन, मेद, प्रकाश आणि दृष्टी या चारही विषयांतले बरेच काही माणसाच्या हाती आले. त्याबरोबर एक घोटाळाही झाला आणि तो अजून पुरता निस्तरलेला नाही. काळा रंग दिसला म्हणजे पदार्थ ओळखला, अशी समजूत हा तो घोटाळा. या लेखात आपण काजळाच्या रंगाचा इतिहास पाहू आणि या घोटाळ्यापर्यंत येऊ.

घरचे काजळ

वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे इकडच्या खेड्यापाड्यांत काजळ हे 'काजय' असते. ते घरी पाडण्याची रीत बहुतेक वाचकांनी निदान ऐकलेली असेल. पणतीत एरंडेल किंवा तूप घालायचे. कापसाच्या या मुलखात वातीला तोटा नाही. पणतीच्या दोन्ही बाजूंना विटा ठेवून त्यांवर तांब्याचे किंवा पितळेचे ताट असे उपडे घालायचे, की ज्योतीचे टोक त्याला टेकेल. रात्रभर दिवा जळला की ताटाच्या आतल्या बाजूला मऊ काजळी धरते. ती खरवडून त्यात थोडे तूप, लोणी किंवा एरंडेल घालून खलायचे आणि डबीत भरायचे. काही घरी माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या कापडाची वात करतात, तर कुणी शेवटी चिमूटभर कापूर घालतात.

या कृतीत रसायनशास्त्र पुष्कळ आहे. तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन यांचे संयुग. ते पूर्ण जळले तर कार्बन डायॉक्साइड आणि पाणी उरते, काजळी उरत नाही. पण ज्योतीच्या मधल्या भागात हवा पुरेशी पोचत नाही. तेथे तेलाच्या वाफेचे रेणू उष्णतेने मोडतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण तापून प्रकाशतात म्हणून दिव्याची ज्योत पिवळी दिसते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनावर सहा व्याख्याने दिली. ज्योतीचे तेज तिच्यातील घन कणांमुळे असते, ही गोष्ट त्यांनी त्यांत प्रयोगाने दाखवून दिली होती. नेहमी हे कण ज्योतीच्या बाहेरच्या भागात पोचतात आणि तेथील हवेत जळून जातात. आपण मध्ये थंड ताट घालतो, तेव्हा ते जळण्याआधीच पकडले जातात. ताट फार उंच ठेवले तर काजळी थोडी पडते. फार खाली आणले तर ज्योत घुसमटते, अर्धवट जळलेले तेलही ताटाला चिकटते आणि काजळी तेलकट, तपकिरी होते. ताट किती उंचीवर ठेवायचे हे घरातील बायकांना सवयीने ठाऊक असे.

काजळीचा एकेक कण साधारण २० ते ५० नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि असे पुष्कळ कण एकमेकांना चिकटून साखळ्या बनतात. ४० नॅनोमीटरचे कण एका रांगेत ठेवले, तर एक मिलिमीटर भरायला २५ हजार कण लागतील. कोळसा खलबत्त्यात कितीही कुटला तरी इतका बारीक होत नाही. समजा, कुटलेल्या कोळशाचा कण ४ मायक्रोमीटरचा, म्हणजे काजळीच्या कणाच्या शंभरपट मोठा आहे. मग तेवढ्याच वजनाच्या काजळीचे एकूण पृष्ठफळ कोळशाच्या सुमारे शंभरपट भरेल. प्रकाशाला भेटणारे पृष्ठफळ जितके जास्त, तितका थोड्या पदार्थात रंग गडद. काजळीचा काळेपणा कोळशाहून सरस ठरतो तो यामुळे.

आणि मुळात कार्बन काळा का? काजळीतील कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत बांधलेले असतात. या थरांतील काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसतात, ते थरभर फिरू शकतात. त्यांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत कोणत्याही रंगाचा प्रकाश शोषता येतो. परत काहीच येत नाही, म्हणून आपल्याला काळे दिसते.

हीच काजळी तुपाऐवजी डिंकाच्या पाण्यात खलली की शाई होते. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या रिद्धपुरात सिद्ध केले, ते गाव अमरावती जिल्ह्यातच आहे. छापखाने येण्यापूर्वीच्या शतकांत अशा पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि डिंक. रंगद्रव्य एकच, पण माध्यम बदलले की पापणीवरचा रंग कागदावर जातो. पुढे ही गोष्ट आपल्याला उपयोगी पडणार आहे.

त्याआधीचा पुरावा भिंतींवर आहे. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९९८ सालापर्यंत हे गाव अकोला जिल्ह्यात होते. या शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. तेथील चित्रांत तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना व तत्सम पदार्थ, निळ्यासाठी अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा दगड अशी खनिज रंगद्रव्ये आहेत. काळा रंग मात्र काजळीचा. अजिंठ्यातील त्या लांबट, अर्धोन्मीलित डोळ्यांची रेघ दीड हजार वर्षांनंतरही काळी राहिली आहे. कार्बनवर हवेचा, ओलाव्याचा किंवा प्रकाशाचा सहज परिणाम होत नाही, याचा याहून चांगला दाखला वर्गात देता येणार नाही.

एक रंग, तीन पदार्थ

आता थोडे शब्दांकडे वळू. काजळ हा शब्द संस्कृत 'कज्जल' वरून आला. रसशास्त्रात त्याच्याच घराण्यातला एक शब्द आहे, 'कज्जली'. पारा आणि गंधक खलात तासन्‌तास घोटत गेले की पाऱ्याची चमक नाहीशी होते आणि काजळासारखी काळी भुकटी तयार होते. ती कज्जली. रसायनशास्त्राच्या भाषेत ते पाऱ्याचे काळे सल्फाइड आहे. कार्बनशी तिचा काही संबंध नाही, नाव केवळ रंगावरून पडले.

डोळ्यांत घालायच्या औषधाला आणि रंगाला जुन्या ग्रंथांत 'अंजन' म्हणतात. रसरत्नसमुच्चयात अंजनाचे पाच प्रकार दिले आहेत: सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन आणि नीलांजन. यांतील रसांजन हे दारुहळदीच्या काढ्यापासून केलेले, म्हणजे वनस्पतिजन्य. बाकीची खनिजे मानली जातात. त्यांत अँटिमनीचे सल्फाइड आणि शिशाचे सल्फाइड येतात, असे अभ्यासक सांगतात. मात्र कोणते नाव कोणत्या खनिजाचे, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. गोंधळ होणे स्वाभाविकच होते. दोन्ही खनिजे करडी, चकचकीत आणि जड, आणि दोन्हींची भुकटी काळी.

अरबीत या भुकटीला 'कुहल' म्हणत. तिच्यामागे 'अल्' हे उपपद लागून 'अल्-कुहल' झाले. युरोपात हा शब्द आधी कोणत्याही अत्यंत बारीक भुकटीला, मग कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला वापरला जाऊ लागला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो दारूच्या अर्काला लावला आणि त्यातून आजचा 'अल्कोहोल' आला. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या बाटलीवर डोळ्यांच्या रंगाचे नाव आहे, हे ऐकून विद्यार्थ्यांना नक्की मौज वाटेल.

आपल्याकडच्या बाजारात हीच खनिज भुकटी 'सुरमा' या नावाने मिळते. सुरमा म्हणजे अँटिमनी असा नावाचा अर्थ असला, तरी तपासलेल्या सुरम्याचे बरेच नमुने शिशाच्या सल्फाइडचे, म्हणजे गॅलेना या खनिजाचे निघाले आहेत.

थोडक्यात, काजळ म्हणजे कार्बन, सुरमा म्हणजे बहुधा शिसे आणि कज्जली म्हणजे पारा. तिन्ही काळी, तिन्ही बारीक आणि डोळ्यांना दिसायला सारखीच.

नाईलच्या काठी

गॅलेनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला अभ्यासलेला वापर इजिप्तमध्ये झाला. तेथे सुरुवातीच्या काळात पापण्यांना हिरवा रंग लावत, तो मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा असे. पुढे काळ्याचे प्रस्थ वाढले आणि तो गॅलेनापासून केला जाई. तांबड्या समुद्राजवळ गेबेल अल्-झेत येथे गॅलेनाच्या जुन्या खाणी सापडल्या आहेत.

गॅलेना काळा दिसतो त्यामागचे कारण कार्बनपेक्षा वेगळे आहे. तो अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलायला सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणजे दृश्य प्रकाशातील प्रत्येक फोटॉन शोषला जाण्याइतका समर्थ असतो. पण मोठ्या स्फटिकाच्या सपाट पृष्ठभागावरून बराच प्रकाश आरशासारखा परतही येतो, म्हणून खडा चकाकतो. खडा वाटत गेलो की आरसे मोडतात, प्रकाश कणाकणांत अडकतो आणि भुकटी निस्तेज काळी होते. जाडसर ठेवली तर लुकलुकणारा करडा, बारीक केली तर गडद काळा. रंगाची छटा वाटण्यावर अवलंबून असते, हे त्या कारागिरांना कळले होते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्शियन थडग्यांतून मिळालेल्या प्रसाधनांच्या डब्या आहेत आणि काहींत मूळ भुकटी शिल्लक आहे. फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४९ नमुन्यांचे विश्लेषण करून १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॅलेनाबरोबर त्यांना शिशाची पांढरी संयुगेही सापडली. त्यांतील लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट ही दोन निसर्गात इतकी विरळ आढळतात, की ती खणून काढलेली असणे शक्य नव्हते. शिशाचे ऑक्साइड, मीठ आणि पाणी यांची प्रक्रिया आठवडेच्या आठवडे चालवून ती मुद्दाम बनवली असली पाहिजेत. इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षे इतक्या आधी! रसायने ठरवून बनवण्याचे याहून जुने दाखले फार थोडे आहेत. भुकटी पापणीवर टिकावी म्हणून तिच्यात चरबी मिसळलेली होती.

याच इजिप्तमधला आणखी एक पुरावा पाहण्यासारखा आहे. ६ डिसेंबर १९१२ रोजी अमार्ना येथे राणी नेफरतितीचा रंगवलेला अर्धपुतळा सापडला. तिच्या डोळ्यांभोवतीची रेघ जगभर गाजली आणि विसाव्या शतकातील फॅशनवर तिचा परिणाम झाला. पुतळ्यावरील रंगांचे पुढे रासायनिक परीक्षण झाले. त्यात काळा रंग हा मेणात कालवलेला कार्बन असल्याचे आढळले. कार्बन अधिक मेण! आजच्या क्रीम आयलायनरची मूळ कल्पना याहून फारशी वेगळी नाही.

रंग गडद कधी दिसतो?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डबीतला रंग पापणीवर फिका का पडतो?

डबीत थर जाड असतो, आत शिरलेला प्रकाश बाहेर येत नाही. पापणीवरचा थर अतिशय पातळ असतो. त्यातून प्रकाश आत जातो, त्वचेवर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. म्हणजे थर दोनदा ओलांडतो. समजा, एका थरातून निम्मा प्रकाश पार होतो. त्वचेने सगळा परत पाठवला असे धरले, तर बाहेर येईल निम्म्याचा निम्मा, म्हणजे २५ टक्के. त्यावर तसाच दुसरा थर दिला तर सुमारे ६ टक्के आणि तिसरा दिला तर दीड टक्का. दोन-तीन पातळ थरांनी रेघ एकदम गडद होते ती या गुणाकारामुळे. रंगाचा थर आणि त्याखालची पार्श्वभूमी यांचे असे गणित पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली मांडले. रंगांच्या कारखान्यांत ते आजही वापरतात.

मग एकच जाड थर का नको? कारण ओला जाड थर एकसारखा बसत नाही. कुठे गोळा होतो, कुठे फट राहते, पापणी मिटली की तडकतो. आणि फट फार महागात पडते. रेघेचा दहावा भाग उघडा राहिला, तर उरलेला भाग कितीही काळा असो, त्या उघड्या भागातून प्रकाश परत येणारच. पहिला पातळ थर वाळू देऊन त्यावर दुसरा दिला की पहिल्यातील फटी दुसऱ्याने बुजतात.

वाळणे हा दुसरा मुद्दा. घरच्या काजळातील तूप किंवा एरंडेल उडून जात नाही. रंग कायम ओला राहतो आणि म्हणून गालावर ओघळतो. आजच्या क्रीम आयलायनरमध्ये मेण, रंगद्रव्य आणि सहज उडून जाणारे तेलासारखे द्रव असतात. समजा, १०० भाग क्रीममध्ये ३० भाग रंगद्रव्य, २० भाग मेण आणि ५० भाग उडणारे द्रव आहे. लावताना रंगद्रव्याचे प्रमाण ३० टक्के असेल. द्रव उडून गेल्यावर उरलेल्या ५० भागांत रंगद्रव्य ३० भाग, म्हणजे ६० टक्के! रेघ वाळताना घट्ट होते आणि गडदही. डबीचे झाकण सैल राहिले की हेच द्रव डबीतच उडते, क्रीम कोरडे पडते आणि ब्रशला तुकड्यातुकड्यांनी लागते. पापणी तेलकट असेल तर उलटे घडते. त्वचेचे तेल मेणात मिसळून थर मऊ करते आणि रंग पसरतो. म्हणून आधी पापणी पुसून कोरडी करणे हा निम्मा इलाज आहे.

तिसरा मुद्दा रंगद्रव्य किती चांगले मिसळले आहे हा. कणांचे गठ्ठे राहिले तर बारीक कणांचा फायदा वाया जातो. कारखान्यांत यासाठी फिरत्या रुळांमध्ये रंग घोटतात. आपल्याकडे तेच काम खल करी. एरंडेल रंगद्रव्याच्या कणांना चांगले भिजवते, म्हणून लिपस्टिकमध्येही ते दीर्घकाळ वापरले गेले. एकच तेल दिव्यात जाळून काजळी मिळवायची आणि त्याच तेलात ती कालवायची, ही घरगुती रीत त्या दृष्टीने अगदी योग्य होती.

चौथा मुद्दा पार्श्वभूमीचा. काळ्या रंगाला पार्श्वभूमीचा त्रास कमी. निळ्या-हिरव्या रंगांना तो फार होतो. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेतील मेलॅनिन निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त शोषते. निळ्या थरातून पार झालेला निळा प्रकाश त्वचेतच अडकतो, परत येत नाही आणि रेघ धुरकट दिसते. आधी पांढऱ्या किंवा फिकट रंगाची रेघ ओढून त्यावर निळी ओढली, तर खालचा पांढरा थर निळा प्रकाश परत पाठवतो आणि रंग खुलतो. चित्रकार गडद कागदावर आधी पांढरा हात देतात तो याच कारणाने.

हे निळे-हिरवे रंग कुठले? १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये रंगकर्मी डीसबाख याच्या हातून अपघाताने प्रशियन निळा तयार झाला. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे याने अजिंठ्याच्या लाजवर्दातील निळे द्रव्य, अल्ट्रामरीन, कृत्रिम रीतीने बनवले. आज आयलायनरच्या वेष्टनावर ही दोन्ही नावे सापडतात. त्यांच्याबरोबर लोहाची ऑक्साइडे, क्रोमियमचे हिरवे ऑक्साइड, अभ्रक आणि टायटॅनियम डायॉक्साइड असतात.

शेवटचा मुद्दा पापणीवर नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तेथील काळ्या धाग्याचा रंग दुबळा दिसतो अशी तक्रार होती. त्याने तपासले तेव्हा रंग उत्तम निघाला. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. गडद निळ्या-जांभळ्याशेजारी काळा फिका भासत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. डोळ्याच्या पांढऱ्या बुबुळाबाहेरील भागाला लागून काळी रेघ आली की पांढरे अधिक पांढरे आणि काळे अधिक काळे दिसते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. त्यांच्या कडेचा विरोध वाढतो आणि ते मोठे भासतात. गंमत अशी, की तूप आणि चरबी यांचे रेणू कसे बनलेले असतात हेही याच शेव्हरलने १८२३ साली उलगडून दाखवले होते. काजळाचे माध्यम आणि काजळाचा परिणाम, दोन्ही एकाच माणसाने समजावून दिले.

रंगाची किंमत

आतापर्यंत आपण रंगाबद्दल बोललो. रंगद्रव्य कार्बन आहे की शिसे, याने या सगळ्या गणितात काही फरक पडला नाही. शरीराला मात्र फार पडतो.

१९६८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डोळ्यांच्या प्रसाधनातून मुलाला झालेल्या शिशाच्या विषबाधेची नोंद प्रसिद्ध झाली. प्रसाधन होते सुरमा. १९७८ साली त्याच नियतकालिकात ब्रिटनमधील आशियाई कुटुंबांतील मुलांचा अभ्यास आला. सुरमा वापरणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक होते. २०१२ साली अमेरिकेत बोस्टन येथील एका तान्ह्या बाळाची अशीच नोंद झाली. त्याच्या डोळ्यांना नायजेरियातून आणलेला 'तिरो' लावत होते आणि त्या भुकटीत वजनाने ८० टक्क्यांहून अधिक शिसे होते. शुद्ध गॅलेनात ते ८६ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ही भेसळ नव्हती, ते खनिजच होते.

डोळ्यांतले शिसे पोटात कसे जाते? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रू नाकात आणि तेथून घशात उतरतात. शिवाय मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशाचा मोठा वाटा लहान मुलांचे शरीर शोषून घेते, प्रौढांचे त्यामानाने कमी. शिसे मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

इजिप्तबद्दलच्या एका संशोधनाचा येथे उल्लेख करायला हवा. २०१० साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवले, की शिशाचे क्लोराइड अत्यल्प प्रमाणात त्वचेच्या पेशींना दिले तर त्या नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतात आणि त्याने जंतूंविरुद्धची प्रतिकारयंत्रणा जागी होऊ शकते. या बातमीवरून 'सुरमा डोळ्यांना चांगला' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. प्रयोग सुट्या पेशींवर होता आणि मात्रा अतिसूक्ष्म होती. रोज बाळाच्या डोळ्यांत गॅलेना घालण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

नवे ते सुरक्षित, असेही नाही. १९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्यांच्या रंगाने अनेक स्त्रियांचे डोळे भाजले, एकीची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. त्यात डांबरापासून मिळणाऱ्या रंगांच्या कुळातले एक रसायन होते. अशा घटनांमुळे तेथे १९३८ साली कडक कायदा आला. साध्या काजळीबाबतही तेथे सावधगिरी आहे. अर्धवट ज्वलनात कार्बनबरोबर काही घातक संयुगे तयार होतात, म्हणून डोळ्यांच्या प्रसाधनांत कार्बनला परवानगी मिळाली ती २००४ साली, आणि तीही शुद्धतेच्या कठोर अटींवर. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास कायद्याने बंदी आहे आणि काजळासाठी स्वतंत्र भारतीय मानकही आहे. पण वेष्टनावर उत्पादकाचे नाव, घटकांची यादी किंवा परवाना क्रमांक नसलेली डबी जत्रेत वा फूटपाथवर विकत घेतली, तर या नियमांचा आपल्याला काही उपयोग होत नाही.

वर्गात काय करता येईल?

दिव्याची काजळी बशीवर धरून ती पाण्यावर भुरभुरवा. ती तरंगेल. साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. मग तीच काजळी तुपात, डिंकाच्या पाण्यात आणि नुसत्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर तीन रेघा ओढायला सांगा. कोणती गडद, कोणती बोटाला लागते, कोणती वाळते याची नोंद मुलांनी स्वतः करावी.

एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापून एक पांढऱ्या आणि एक काळ्या कागदावर ठेवा. शेव्हरलचा नियम बोलून दाखवावा लागणार नाही.

कंपनीचे आयलायनर मिळाले तर चिमूटभर घेऊन खोबरेल तेलात पातळ करा आणि परीक्षानळीला बाहेरून शक्तिमान चुंबक लावून ठेवा. काळे कण चुंबकाकडे सरकले तर त्यात लोहाचे काळे ऑक्साइड आहे. काजळीला चुंबक ओढत नाही. एकच काळा रंग, पण पदार्थ वेगळा, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. शिसे मात्र असे घरगुती उपायांनी ओळखता येत नाही. त्यासाठी क्ष-किरण किंवा अणुशोषणाची उपकरणे असलेली प्रयोगशाळाच लागते. सुरमा तापवून किंवा त्यावर आम्ल घालून पाहण्याचा मोह शाळेत कुणीही करू नये.

आणखी दोन गोष्टी प्रयोगाबाहेरच्या. स्नेहसंमेलनात नाचाच्या गटातील वीस मुलींना एकाच डबीतून, एकाच बोटाने किंवा ब्रशने रंग लावला जातो. एकीचे डोळे आले असतील तर आठवडाभरात सगळ्यांचे येतात. प्रत्येकीसाठी वेगळी कापसाची काडी वापरली आणि ती डबीत पुन्हा बुडवली नाही, तर हे टळते. दुसरी गोष्ट पालकसभेत सांगण्याची. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा काहीच घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरच्या काजळात शिसे नसले तरी बोटाबरोबर जंतू जातात आणि बाळाच्या अश्रुनलिका अरुंद असतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावा, असे आम्ही सुचवतो. पालकांनी 'आमचे काजळ अगदी काळेभोर आहे, चांगलेच असणार' असे म्हटले, तर काळे काय काय असू शकते, हे त्यांना समजावून सांगायला शिक्षकांइतके योग्य दुसरे कोणी नाही.